शिमग्याला घरी सगळे जमतायत : अलीकडचे बघण्यासारखे सिनेमे सुचवा (घरी किंवा थिएटरात)

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. यंदा शिमग्याला गुहागर तालुक्यातल्या घरी आमची सगळी भावंडं येतायत. पालखी घरी येऊन गेली, नवस-ओट्या झाल्या की पुढच्या रात्री मोकळ्याच असतात. मोठ्या भावाने प्रोजेक्टर घेतलाय आणि तो खळ्यात लावल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही. त्यामुळे रोज रात्री एक सिनेमा असा बेत ठरलाय.

प्रेक्षक असे : आई आणि काकू, दोघी पंच्याहत्तरीपुढच्या, रोजच्या मालिका न चुकवणाऱ्या. मग आम्ही चाळिशी-पन्नाशीतले. कॉलेजातली दोन मुलं, ज्यांना मराठी सिनेमा म्हटलं की जांभई येते. आणि एक नऊ वर्षांची भाची.

गेल्या तीन-चार वर्षांतलेच सुचवा, जुने सगळे पाठ आहेत. नेट आमच्याकडे नावालाच, म्हणून सिनेमे ठाण्याहूनच डाउनलोड करून नेणार. मुद्दाम चिपळूण-रत्नागिरी गाठून मोठ्या पडद्यावर बघावा असा एखादा असेल तर तेही सांगा, गाडी आहे.

माझ्याकडून एक : ‘आता थांबायचं नाय’. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवरचा आहे. भरत जाधव इतका आवरून काम करतो की आईला मध्येच विचारावं लागलं, हा तोच ना? झी फाइव्हवर आहे. आमच्याकडे सगळ्यांचा बघून झालाय, नाहीतर पहिला तोच लावला असता.

रातांबा

कॉलेजवाल्यांसाठी ‘वाळवी’. बाकी काही सांगत नाही. कथेबद्दल कुठेही वाचू नका, ट्रेलरही बघू नका, सरळ लावा. परेश मोकाशींचा आहे, २०२३चा, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला होता. पुरस्कारवाला म्हटल्यावर मुलं पळतील, म्हणून ते शेवटी सांगा.

कुडाळचा पेटीवाला

कोकणात बसून ‘दशावतार’ कोणी सुचवला नाही म्हणजे नवलच. १२ सप्टेंबर २०२५ला लागला, दिग्दर्शक सुबोध खानोलकर. बाबुली मेस्त्री नावाचा म्हातारा दशावतारी नट, नजर अधू होत चाललेली, आणि त्याने आता काम थांबवावं म्हणून मागे लागलेला मुलगा. बाबुली झालेत दिलीप प्रभावळकर. प्रदर्शनाच्या महिनाभर आधी ते ८१ वर्षांचे झाले होते. त्या वयात या माणसाने जे केलंय त्यासाठी तरी बघा.

मी लहानपणापासून दहीकाल्याला, म्हणजे दशावतारी नाटकाला, पेटीवर बसतो, म्हणून थोडं लांबण लावतो. आमच्या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावरच उभे राहतात. पेटीवाला नटाच्या तोंडाकडे बघत असतो, कारण पद कधी सुरू होईल ते त्यालाही आधी माहीत नसतं. सिनेमात हे सगळं दाखवणं कठीणच, कारण तिथे प्रत्येक वाक्य लिहिलेलं असतं. पण रंगपटातली बसकण, आरशासमोर एकटाच रंग चढवणारा नट, पेटाऱ्याला हात लावताना आपोआप होणारा नमस्कार, हे बघताना मला कुठे खटकलं नाही. एवढंही जमलेले सिनेमे बोटांवर मोजण्याइतके.

दुसरा ‘पिकासो’. तो २०२१चा, म्हणजे तुमच्या अटीत जरा बाहेर, पण सूट द्या. अभिजित वारंग यांचा. शाळकरी मुलाला चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे हवेत आणि बाप दारूत बुडालेला दशावतारी नट. बाप झालाय प्रसाद ओक. सव्वा तासाच्या आसपास संपतो, प्राइमवर आहे. दोन्ही लागोपाठ दोन रात्री बघा आणि मग इथे येऊन सांगा, दशावतार कोणाला जास्त कळलाय. माझं मत पिकासोच्या बाजूने, पण पारडं फार झुकलेलं नाही.

खडूस प्रेक्षक

पेटीवाले, पहिला भाग ठीक. मध्यंतरानंतर काय होतं? खाण, दलाल, पुढारी, मग सूड. कांताराची सावली इतकी गडद आहे की मला शेजारी बसलेल्या बायकोला विचारावंसं वाटलं, आपण कन्नड बघतोय का. दशावतारी नटाचं दुखणं काय, म्हातारपणी कलेतून बाहेर कसं पडायचं, हा एवढा मोठा विषय हातात असताना त्याला सुपरहिरो कशाला करायचं?

आणि एक सर्वसाधारण तक्रार. हल्ली कोकणातला सिनेमा म्हणजे आधी ड्रोन. माड, खाडी, कौलारू घर, पुन्हा माड. या घरांत कोण राहतं, कोण नाही राहत, दार उघडलं की वास कसला येतो, ते कोणी विचारत नाही.

कुडाळचा पेटीवाला

खडूसराव, खाण ‘आणली’ असं म्हणू नका. रेडीची खाण आमच्या बालपणापासून आहे, कळण्याचं खाणविरोधी आंदोलन आम्ही डोळ्यांनी बघितलंय. लाल मातीने भरलेले डंपर सावंतवाडी-दोडामार्ग भागात राहणाऱ्याला नवीन नाहीत. दिग्दर्शकाने विषय बाहेरून उचलून आणलेला नाही.

आणि सूडाचं म्हणाल तर आमचं प्रत्येक आख्यानच तसं आहे हो. आडदशावतारात संकासूर वेद पळवतो आणि विष्णू त्याला मारतो, रात्रीची सुरुवातच तिथून. आयुष्यभर देवाचं सोंग घेतलेला माणूस वेळ आल्यावर त्या सोंगातून उत्तर देतो, हे मला बेतलेलं वाटलं नाही. गाणी आणि तो पाठलाग थोडा कापला असता तर बरं झालं असतं, हे मात्र मान्य.

दर्यावर्दी

माका सिनेमा आवाडलो. मालवणी बोलणारे सगळे नट काय जमलेले नाय, काय काय जणांचा आयकान हसाक येता, पण प्रभावळकरांका सगळा माफ. आमची आये थेटरात पयल्यांदाच गेली आठ-धा वर्सांनी. बाहेर इल्यावर तिचा एकच म्हणणा, “पेटी चांगली वाजयल्यान.”

खडूसानू, तुमी ड्रोनाचा म्हणतास ता खरा असा.

मांडवी

ड्रोनची तक्रार आहेच, तर त्यावरचा उतारा सुचवते. ‘थ्री ऑफ अस’. हिंदी आहे, २०२३चा, नेटफ्लिक्सवर. दिग्दर्शक अविनाश अरुण, म्हणजे गुहागरात ‘किल्ला’ करणारे तेच. शेफाली शाहची शैलजा, आठवणी हळूहळू पुसत चालल्यात असं कळल्यावर नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला येते, कारण शाळेची काही वर्षं तिने इथे काढलेली असतात. तिथे तिचा जुना मित्र भेटतो, जयदीप अहलावत, बँकेत नोकरी करणारा आणि भरतकाम करणारा. मारामारी नाही, कोणी खलनायक नाही. स्वानंद किरकिरेंचा नवरा बघा. बायको आपल्याला माहीत नसलेल्या काळात वावरतेय आणि हा चुपचाप पिशवी धरून बाजूला उभा. एवढं अवघड काम फार कमी नटांना मिळतं.

यात वेंगुर्लं सुंदर दिसायची धडपड करत नाही. शाळेची भिंत आहे, जुन्या घराची पायरी आहे, दुपारची सुस्ती आहे. तुमची कॉलेजवाली मुलं अर्ध्यात उठतील, उठू देत.

दुसरा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’, पायल कपाडियांचा. २०२४ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता, हे सगळं वाचलंच असेल. इस्पितळातल्या दोन मल्याळी नर्सा आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती. पार्वती आपल्याकडची, छाया कदम. मुंबईतली खोली सुटते आणि ती रत्नागिरीकडच्या गावी परत येते, सोबत त्या दोघी. शेवटचा सगळा भाग आपल्या किनाऱ्यावर. मुंबईत पाऊस, गर्दी, निळसर उजेड आणि इथे आल्यावर एकदम ऊन. हा फरक मोठ्या पडद्यावर जास्त कळला असता, आता हॉटस्टारवरच बघायचा.

चाकरमानी परळचा

मांडवीताई, पार्वतीबद्दल दोन शब्द. नवरा गिरणीत होता, तो गेला, खोलीवर कागदोपत्री तिचं नाव कुठेच नाही आणि तिथे टॉवर उभा राहायचाय. लोअर परळ-लालबागमध्ये वाढलेल्या कोणालाही ही गोष्ट सांगावी लागत नाही. ८२च्या संपानंतर आमच्या चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं अशीच पेट्या बांधून गावी गेली. काहींकडे तीस-चाळीस वर्षांची रेशनची पावती तेवढी होती. सिनेमात त्याबद्दल भाषण नाही, दोन-तीन साध्या प्रसंगांत सगळं येतं. ती आणि तिची मैत्रीण रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावतात, तेव्हा मला टाळी वाजवावीशी वाटली.

बाकी सिनेमा संथ आहे. पहिला तास मी दोनदा घड्याळ बघितलं, लपवत नाही.

वाशिष्ठी

@मांडवी, थ्री ऑफ अस यादीत टाकला. ऑल वी इमॅजिन मी बघितलाय, छायाबाईंसाठी पुन्हा बघेन, पण त्यातले काही प्रसंग आई-काकूंसोबत खळ्यात उघड्यावर नकोत. शेजारच्या वाडीतलेही येऊन बसणार. तो आम्ही बहिणी आतल्या खोलीत लॅपटॉपवर बघू.

दशावतार मात्र नक्की. आमच्याकडे शिमग्याच्या नमन-खेळ्यांत संकासूर असतोच, भाचीला त्याचंच वेड आहे.

रातांबा

मग भाचीला ‘मुंज्या’ दाखवा! २०२४चा, आदित्य सरपोतदार. कोकणातलं गाव, पिंपळ, मुंज झाल्यावर लगेच मेलेला पोरगा आणि त्याचं अजून बाकी असलेलं लग्न. हिंदी आहे पण घरातली माणसं मराठीच वाटतात, आजी तर फारच. हसवत घाबरवतो. शर्वरी आणि अभय वर्मा दोघंही छान.

मांडवी

नऊ वर्षांच्या मुलीला आणि खळ्यात रात्री? पोर त्यानंतर न्हाणीत एकटी जाणार नाही. आधी आईबापांना बघू दे.

खडूस प्रेक्षक

मुंज्या मलाही आवडला, नोंद घ्या. याच सरपोतदारांनी २०१३ला ‘नारबाची वाडी’ केला होता, तिथेही प्रभावळकरच. या माणसाला इथली म्हातारी माणसं आणि त्यांची झाडं कळतात. मुंज्याचा शेवट संगणकाच्या हवाली केला नसता तर अजून आवडला असता.

नियमात बसत नाही, पण ‘तुंबाड’ नावाचा एक आहे. मूळ २०१८चा. मात्र १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा थिएटरात आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तीन-चार वर्षांतलाच म्हणा. तुंबाड हे गाव आपल्या खेड तालुक्यात खरोखर आहे. श्री. ना. पेंडशांचे खोत तिथलेच. सिनेमाचा त्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीशी काही संबंध नाही, तरीही दर वेळी कोणीतरी तसं सांगतंच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी तो घरच्या टीव्हीवर आणि मग पुन्हा थिएटरात, असा दोन्हीकडे बघितलाय. घरी बघितला तो निम्माच होता. तो पाऊस आणि ते तळघर अंधारात बसूनच बघायचं. तुमच्या खळ्यात चांदणं असेल तर नका लावू.

बागायतदार (अलिबाग)

सगळे दक्षिणेकडेच धावताय, जरा इकडेही या. ‘घरत गणपती’, जुलै २०२४. एकत्र कुटुंब, गणपतीला जमलेले सगळे, त्यात मुलगा बाहेरची मुलगी घेऊन येतो. तुमच्या घरची परिस्थितीच. कथा अंदाजाबाहेर जात नाही, पण आई-काकूंना दोन तास जागेवरून हलू देणार नाही. अश्विनी भावे किती वर्षांनी एवढं चांगलं काम करताना दिसल्या. नवज्योत बांदिवडेकरांना या सिनेमासाठी त्या वर्षी गोव्याच्या इफ्फी महोत्सवात पदार्पणातल्या भारतीय दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला.

१ जानेवारी २०२६ला आलेला हेमंत ढोमेंचा ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ही इकडचाच. मराठी शाळा बंद पडायला आलीय आणि जुने विद्यार्थी परत येतात. सचिन खेडेकर मुख्याध्यापक. आमच्या गावच्या शाळेचा पट बघितलात तर कळेल की विषय किती ताजा आहे. थोडा भाषणबाज होतो, तरी मला चालला.

दर्यावर्दी

इफ्फी आमका जवळ. सावंतवाडीसून पणजी म्हणजे दोन तासांच्या आत. थय बगलेले सिनेमे मगे आमच्याकडे येनतच नाय.

रातांबा

‘एप्रिल मे ९९’ राहिला. रोहन मापुसकरचा, मे २०२५चा. कोकण, उन्हाळ्याची सुट्टी, तीन पोरं, बाहेरून आलेली एक मुलगी. मोबाइल नसलेला काळ. चाळिशीतल्या भावंडांसाठी याहून योग्य काही नाही. कॉलेजवाले म्हणतील, यात घडतं काय? त्यांना सांगा, सुट्टीत आम्हाला काही घडतच नसे.

मांडवी

कोकणाबाहेरचेही दोन घ्या, नाहीतर रोज माडच बघत बसाल, खळ्यातही आणि पडद्यावरही.

‘स्थळ’. जयंत सोमलकर, विदर्भातलं गाव. सविताला शिकायचंय, स्पर्धा परीक्षा द्यायचीय, आणि घरचे तिला पाटावर बसवून बसवून दमलेत. सुरुवातीच्या प्रसंगातच अख्ख्या कांदेपोह्यांची उलटापालट आहे, बायका बसल्यात आणि मुलाला उंची, रंग, शिक्षण विचारतायत. काकू हसता हसता एकदम गप्प होतील. नट बहुतेक गावातलेच आहेत, कुठे अभिनय असा दिसत नाही.

याच्या उलट बाजूचा ‘कुर्ला टू वेंगुर्ला’. आपल्याकडे गावात राहणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, त्यावरचा. सिनेमा म्हणून स्थळच्या जवळपासही नाही, पण आमच्या वाडीत सर्वात जास्त चर्चा याचीच झाली. वाडीत पस्तिशी ओलांडलेले पाच-सहा जण आहेत, दुसरं काय होणार.

आणि ‘सबर बोंडं’. रोहन कानवडेंचा, २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वात मोठं पारितोषिक मिळालेला. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा मुलगा गावी येतो आणि तिथे त्याला बालपणीचा मित्र भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम आहे, आधीच सांगते. माझ्या आईसोबत बघितला. तिने त्या नात्यावर एक शब्दही काढला नाही. सुतकात काय खायचं, काय घालायचं, कोण कोणाला काय टोमणे मारतं यावर मात्र तिचं सतत चाललं होतं, “हे अगदी बरोबर दाखवलंय.” सिनेमातली आईही बरंच जाणून गप्प असलेली आहे. जयश्री जगताप यांनी ते काम केलंय, डोळ्यांत भरतं.

चाकरमानी परळचा

नऊ वर्षांच्या भाचीला सगळे विसरले. तिला ‘नाळ २’ दाखवा. यातल्या तिन्ही मुलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्या चिमीने मोठ्या नटांना खाऊन टाकलंय. पहिला नाळ बघितला नसेल तर आधी तो. ‘आत्मपॅम्फ्लेट’ही घ्या, आशिष बेंडेंचा, शाळकरी प्रेमाच्या आडून जातीबद्दल बरंच बोलून जातो. आणि आई-काकूंना २०२३ची ‘श्यामची आई’, कृष्णधवल. अत्र्यांच्या १९५३च्या सिनेमाची आठवण काढून त्या तुलना करतीलच, ती ऐकण्यातही मजा आहे. साने गुरुजींचं पालगड तुमच्यापासून फार लांब नाही, दिवसा चक्कर टाका.

बागायतदार (अलिबाग)

थोडं तांत्रिक. एक, ॲपवर डाउनलोड केलेल्या सिनेमाला मुदत असते. काही ठिकाणी एकदा ‘प्ले’ दाबलं की पुढे ४८ तासच. निघायच्या आदल्या दिवशी उतरवा, आठवडाभर आधी नको. दोन, फोनवर डाउनलोड केलेलं प्रत्येक प्रोजेक्टरवर दिसेलच असं नाही, काही ॲप पडदा काळा करतात. ठाण्यातच वायर लावून तपासून घ्या. तीन, खळ्यात आवाज पसरतो, प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरचा उपयोग नाही. वेगळा स्पीकर घ्या आणि तो पडद्याजवळ ठेवा. चार, इन्व्हर्टर.

वाडीतले चार शेजारी आले तर हरकत नाही, पण मंडळातर्फे बोर्ड लावून देवळासमोर दाखवायचा विचार असेल तर नको. ही ॲप घरगुती वापरासाठीच असतात, जाहीर खेळाला वेगळी परवानगी लागते.

वाशिष्ठी

वायरीचं बरं झालं सांगितलंत, भावाच्या डोक्यातही आलं नसतं.

‘छावा’बद्दल कोणीच बोललं नाही? आमच्या मुलांनी मागच्या वर्षी तीनदा बघितला.

खडूस प्रेक्षक

मग चौथ्यांदा कशाला? विकी कौशल जीव तोडून काम करतो, पार्श्वसंगीत त्याच्या जिवावर उठतं. आणि भाचीसमोर शेवटचा अर्धा तास नको, छळाची दृश्यं लांबलचक आहेत. त्यापेक्षा मुलांना घेऊन कसबा संगमेश्वरला जा. महाराज १६८९ला तिथे पकडले गेले. जवळच कर्णेश्वराचं देऊळ आहे, त्याच्यासमोर अर्धा तास बसा.

थिएटरचं विचारलं होतंत : आता काय चालू आहे ते इथे विचारण्यात अर्थ नाही, दर शुक्रवारी बदलतं आणि मराठीला आपल्याकडे दुपारचा एखादाच खेळ मिळतो. निघायच्या आधी फोन करा. दहापेक्षा कमी माणसं असली की खेळ रद्द, हा अनुभव मला आलाय, चाळीस किलोमीटर गाडी हाकून.

कुडाळचा पेटीवाला

म्हणूनच लागल्या आठवड्यात जावं लागतं. दशावतारला आमच्याकडे गावं टेम्पो करून गेली, तेव्हा कुठे खेळ वाढले.

दर्यावर्दी

वाशिष्ठीताय, एक इचारूचा होता. शिमग्यात तुमच्याकडे नमन-खेळे रात्रीच येतत मा? मगे सिनेमो कोण बगतलो?

वाशिष्ठी

@दर्यावर्दी, खेळे दुसऱ्या दिवशी येणार, त्या रात्री प्रोजेक्टर बंद. पहिल्या रात्री वाळवी ठरलाय, मुलांना काहीही न सांगता. तिसऱ्या रात्रीवरून मात्र घरात भांडण आहे. काकूंनी घरत गणपतीचं नाव ऐकलंय आणि भावाला तुंबाडच हवाय. चांदणं किती असेल ते पंचांगात बघून कळवते.